हीटरच्या वासाचं काय करायचं, सविस्तर

सातारा

प्रिय संज्या,

परवा फोनवर नीट बोलता आलं नाही, दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून आता निवांत लिहितोय. हीटर लावला की गाडीत बसवत नाही, वहिनी थंडीत काच खाली करून कुडकुडत बसतात, आणि तू त्यावर काय केलंस तर डॅशबोर्डवर परफ्यूमची अजून एक बाटली चिकटवलीस! लेका, ती आधी काढून टाक. त्यानं वास जात नाही, उलट मूळ वास कसला तेच कळेनासं होतं, आणि या कामात निम्मं निदान नाकानंच होतं बघ.

तुमच्या सांगलीत हीटर वर्षातनं एखाद-दोन महिने लागतो, एसी मात्र सगळा उन्हाळा. दोन्हीची हवा डॅशबोर्डमागच्या एकाच डब्यातनं येते, आधी एसीची कूलिंग कॉइल आणि तिच्या पुढं हीटरची छोटी जाळी. कॉइल ओली राहते, त्यावर धूळ बसते, बुरशी धरते, म्हणजे वास मारतोय एसीचा डबा आणि शिव्या खातोय हीटर. वास कुबट असेल आणि सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटंच येत असेल तर बहुतेक हेच.

मग आधी केबिन फिल्टर, म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणारा फिल्टर, बघ. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो, गॅरेजला जायची पण गरज नाही. आमच्या दाजींची गाडी गोठ्याशेजारी असते, त्यांचा फिल्टर ओढला तर घड्यांमधनं शेंगांची टरफलं, कापूस आणि उंदराच्या लेंड्या पडल्या, एक कोपरा तर पार कुरतडलेला, आणि हे घेतायत तीच हवा नाकात! असलं काही निघालं तर फुंकू नकोस, झाडू नकोस, मास्क लावून जंतुनाशकानं ओलं करून पुसून घे आणि फिल्टर नवाच टाक. नवा बसवताना त्यावरचा हवेचा बाण बघ, गॅरेजवाले पण कधी कधी उलटा बसवतात.

तू गाडी चिंचेखाली लावतोस ना अजून? तो बारीक पाला वायपरखालच्या जाळीतनं आत जाऊन कुजतो. बॉनेट उघडून हातानं काढ. आणि एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकतंय का बघ, नसेल ठिबकत तर कॉइलचं पाणी बाहेर सोडणारा ड्रेनचा पाइप तुंबला असेल, कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते, पाणी डब्यातच साचून राहतं. पाइप मोकळा झाला की कॉइलवर फोमवालं क्लीनर मारायचं, मग उघड्यावर, दारं उघडी ठेवून हीटर फुल गरम, ब्लोअर फुल, दहा-पंधरा मिनिटं. इथून पुढं घर जवळ आलं की एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवत जा, कॉइल वाळते.

आता महत्त्वाचं. वास गोडसर असेल, गुऱ्हाळाजवळनं गेल्यासारखा, तर फिल्टर-बिल्टर सोड. ते कूलंट असतं, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, तेच गरम होऊन हीटरच्या जाळीतनं फिरतं, आणि ती जाळी गळतेय. पण तुमच्याकडं थंडी आणि उसाचा हंगाम एकदमच, त्यामुळं माणसाला वाटतं बाहेरनंच येतोय. काचा लाव, हवा रीसर्क्युलेशनवर टाक, म्हणजे बाहेरची बंद होऊन आतलीच फिरेल, आणि शेतं मागं पडली तरी वास तसाच राहतोय का बघ. शिवाय पुढच्या काचेवर आतनं तेलकट धुकं, जे पुसलं तर अजून पसरतं, आणि शेजारच्या सीटपुढचं कार्पेट चिकट ओलं, ही त्याची खूण. बऱ्याच कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, विषारी, खाली सांडलेलं तुमच्या मोत्यानं चाटलं तर जिवावर बेतेल.

यात खर्च आहे, कारण जाळी बदलायला बऱ्याच गाड्यांत सगळा डॅशबोर्ड उतरवतात. एखादा मेकॅनिक म्हणेल हीटरचे पाइपच बायपास करून टाकू, कूलंट हीटरकडं जाऊच द्यायचं नाही, सांगलीत कुठं लागतोय हीटर. तात्पुरतं ठीक, गाडी चालेल. पण पावसाळ्यात तुम्ही महाबळेश्वरला येता, तिथं वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस, आणि काचेवरचं धुकं घालवायला एसीबरोबर हीटरच लागतो. पसरणी घाटात समोरचं दिसेना झालं तर काय, फडकं मारत गाडी चालवणार?

जळक्या तेलाचा वास असेल तर इंजिनवरच्या कव्हरचं गॅस्केट गळून तेल गरम सायलेन्सर पाइपवर पडत असणार. सायलेन्सरच्या धुराचा वास आला तर मात्र गाडी लगेच दाखव, त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला स्वतःला वासच नसतो. आणि तुमच्या ड्रायव्हरला सांगून ठेव, डिसेंबरात वर गेल्यावर काचा लावून हीटर चालू ठेवून गाडीत झोपायचं नाही म्हणून.

बाकी सविस्तर भेटल्यावर. उद्या सकाळी गाडी थंड असताना कूलंटच्या टाकीवर मिन-मॅक्सची रेघ बघ आणि लेव्हल कुठं आहे ते कळव, गरम गाडीत झाकण उघडू नकोस.

तुझा,
पप्या