घारापुरीचा कचरा बेटाबाहेर नेण्यासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला आहे आणि गेटवेवरून येणाऱ्या लाँच पुन्हा भरून येऊ लागल्या आहेत. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या आमच्या तिन्ही गावांतल्या बऱ्याच घरांची चूल तुमच्या येण्यावर पेटते. तेव्हा या, पाहुण्यारावळ्यांनाही घेऊन या. पण लाँचमधून जे बेटावर उतरतं आणि परत लाँचमध्ये चढत नाही, त्याबद्दल आम्हाला बोलायचं आहे आणि त्यासाठी मदत मागायची आहे.

बेटावर कचरा टाकायला जागाच नाही. दोन डोंगर, पायथ्याला वस्ती आणि किनाऱ्याला तिवरं. पुरावा तर विहिरींना धोका, जाळावा तर धूर घराघरांत. उरतो एकच मार्ग, होडीत घालून पलीकडे नेणं. त्याला डिझेल लागतं, भरायला-उतरवायला माणसं लागतात, पलीकडच्या धक्क्यावर टेम्पो लागतो. पाण्याच्या बाटल्यांना भंगारात भाव मिळतो, पण रिकाम्या बाटल्यांनी होडी भरते आणि वजन काही भरत नाही. चिप्सची पाकिटं तर भंगारवाला फुकटही घेत नाही. राज्यात 2018 पासून प्लास्टिकबंदी आहे, पिशव्या थोड्या कमी झाल्या, पण बाटल्या आणि पाकिटं तशीच येतात. जेट्टीपासून लेण्यांपर्यंतच्या पायऱ्यांवर माकडं हातातली पिशवी हिसकावतात, दाताने झाकण उघडून शीतपेय पितात आणि बाटली दरीत टाकतात. तिथून ती काढायला झुडपांत उतरावं लागतं.

सगळा दोष पर्यटकांचा आहे असं आम्ही म्हणत नाही. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला मुंबई, ठाणे आणि पनवेलच्या बाजूचा कचरा खाडीतून वाहत येतो आणि ओहोटीला तिवरांत अडकून राहतो. तिवराची मुळं हवा घेण्यासाठी चिखलातून बोटांसारखी वर येतात. त्यांच्यावर पिशवी बसली, वर गाळ चढला की झाड वरून हिरवं दिसतं आणि खालून गुदमरत असतं. ही पिशवी ओढून निघत नाही. ओढली तर मूळच मोडतं. गाळ हाताने बाजूला करायचा, पिशवी विळ्याने कापायची, मग तुकड्या-तुकड्याने सोडवायची. एका झाडाखाली अर्धी सकाळ जाते. याच चिखलात आमच्या बायका चिंबोऱ्या आणि निवट्या धरतात, खडकांवरची कालवं फोडतात. काचेने पाय कापल्याशिवाय आता खाजणातून कोणी परत येत नाही.

म्हणूनच झाडं लावायला येऊ इच्छिणाऱ्या मंडळींना एक विनंती. तिवरं लावायची गरज नाही. चिखल मोकळा केला की त्यांचं बी भरतीबरोबर येऊन आपोआप रुजतं. रोपांवर खर्च करण्यापेक्षा ते पैसे सफाईला द्या.

आता पाण्याविषयी. बेटावर नदी नाही. पावसात जे साठेल ते वर्षभर पुरवायचं. ज्यांनी लेणी कोरली त्यांनी शेजारी पाण्याची टाकीही कोरली, ती याच कारणाने. आज तहान भागते ती बाहेरून आलेल्या बाटलीने. बाटली थांबवायची तर जेट्टीवर आणि लेण्यांच्या वाटेवर पाणी गाळून थंड करणारी यंत्रं हवीत. पूर्वी हे बोलण्यातही अर्थ नव्हता, संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा तेवढीच वीज. फेब्रुवारी 2018 मध्ये समुद्राखालून केबल आली आणि आता यंत्र दिवसभर चालू शकतं. पण बाटल्या विकूनच ज्यांचं घर चालतं त्या टपरीवाल्या बायकांचं काय, हा प्रश्न आम्ही सोडून दिलेला नाही. यंत्रं त्यांच्याच ताब्यात राहतील, बाटली भरून देण्याचे माफक पैसे त्याच घेतील. त्यांची कमाई गेली तर ही योजना महिनाभरही टिकणार नाही, आणि टिकूही नये.

आम्हाला पाणी गाळण्याची दोन यंत्रं, बाटल्या दाबून गठ्ठे बांधणारं हाताने चालवायचं एक यंत्र आणि मे अखेरपर्यंत होडीचं डिझेल व टेम्पोभाडं हवं आहे. पैसे देणं जमत नसेल तर जाड रबरी हातमोजे, गमबूट, तागाची पोती द्या. गाळणी यंत्राची दुरुस्ती शिकवणारं कोणी असेल तर ते आम्हाला पैशांइतकंच मोलाचं आहे, कारण खारी हवा लोखंड लवकर खाते आणि मुंबईहून मिस्त्री बोलावणं परवडत नाही. जुने कपडे आणि प्लास्टिकच्या खुर्च्या मात्र कृपया पाठवू नका, त्याही शेवटी होडीतूनच परत न्याव्या लागतात.

अंगमेहनत करायची इच्छा असेल तर सोमवारी या. सोमवारी लेणी बंद असतात, गर्दी नसते आणि गावातली माणसंही मोकळी असतात. भरती-ओहोटीची वेळ पाहून आम्ही दिवस ठरवतो आणि होडीची व्यवस्था करतो. चिखलात उतरायचं असल्याने लहान मुलांना आणू नका. दुपारचं जेवण आमच्याकडे, भाकरी आणि कालवण.

एरवी सहलीला येणाऱ्यांकडून आमची अपेक्षा फार नाही. घरची पाण्याची बाटली आणा, डबा स्टीलचा आणा, माकडांना खायला देऊ नका आणि रिकामं पाकीट खिशात घालून गेटवेला परत न्या. शाळांनी सहल काढताना प्रत्येक गटाबरोबर कचऱ्याची एक पिशवी ठेवली आणि ती मुंबईत उतरल्यावर टाकली, तर आमची एक होडी वाचते. लाँचमालकांनाही हात जोडून विनंती आहे, परतीच्या फेरीत कोपऱ्यात एका गठ्ठ्याला जागा द्या.

देणगी जेट्टीजवळच्या आमच्या बचत गटाच्या स्टॉलवर स्वीकारली जाईल. रक्कम कितीही असो, पावती घ्या. जमा-खर्चाचा कागद दर महिन्याला तिथेच लावू, कोणीही वाचावा आणि विचारावं. गेटवेवर किंवा फोनवरून आमच्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका, आम्ही तसे मागत नाही.

आपले,
घारापुरी बेटावरील बचत गटांच्या महिला आणि ग्रामस्थ