बाबा, गाडी नक्कलच आहे

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "एवढे पैसे घालून शेवटी नकलीच घेतलीस?" आणि आईने मागून विचारलं, "ती उघडीच असते का गं?" दोन्हींची उत्तरं घाईत देता आली नाहीत, म्हणून हे पत्र.

आधी बाबा. हो, नक्कल आहे. पोर्शे या जर्मन कंपनीने १९५४ साली ३५६ स्पीडस्टर नावाची बुटक्या काचेची गाडी काढली होती, तिच्यासारखी दिसणारी. अंग फायबरचं, तळ फोक्सवॅगन बीटलचा, मागे बीटलचंच हवेवर थंड होणारं इंजिन. अस्सल स्पीडस्टर घ्यायची माझी ऐपत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पण असती तरी ओरखड्याच्या धाकाने मी ती पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबश्यांसारखी झाकून ठेवली असती. मला चालवायची होती. आणि गंमत म्हणजे १९४८ साली फेरी पोर्शेने पहिली ३५६ बांधली, तेव्हा तिच्यातही बरेचसे भाग बीटलचेच होते आणि ती बीटल त्याच्या वडिलांनी आखलेली. तेव्हा माझी गाडी अगदीच परक्या घरातली नाही. (हा युक्तिवाद मी स्वतःलाच इतक्यांदा ऐकवलाय की आता मला तो पटायला लागलाय.)

खरं तर आधी मन कोब्रावर होतं. एसी या इंग्लिश कंपनीच्या हलक्या गाडीत कॅरोल शेल्बीने १९६२ साली फोर्डचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन बसवलं, ती. तिच्या नकला अस्सल गाड्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. एक चालवून पाहिली. आवाज थेट छातीत वाजतो! पण उतरताना बाजूने गेलेल्या सायलेन्सरच्या नळीला पोटरी लागली, तो डाग अजून आहे. शिवाय पहिल्याच वळणावर कळलं की ती गाडी मी चालवत नव्हते, तीच मला नेत होती.

मग स्पीडस्टरच्या नकला बघायला लागले. यात एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बीटलच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २४०० मिलिमीटर, स्पीडस्टरचं २१००. म्हणून बीटलचा तळ मधून साधारण फूटभर कापतात आणि पुन्हा जोडतात. गाडीचा सगळा जीव त्या सांध्यावर. पहिली गाडी पाहिली तिचा रंग आरशासारखा होता. टॉर्च घेऊन खाली शिरले, तर तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत ताजा काळा लेप. विकणारा म्हणाला, गंजू नये म्हणून. बाबा, जुनं घर बघायला गेलात की तुम्ही आधी नव्या रंगाची भिंत ठोकून बघायचात, ते आठवलं. सांध्याजवळ थोडं खरवडून बघू का, असं विचारलं. तो नाही म्हणाला, मी हात झटकले आणि निघाले.

घेतली ती दिसायला साधी आहे. रंग विटलाय, उजवं दार किंचित खाली बसतं, फायबरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आहेत. पण ज्याने बांधली त्याने जाडजूड फाइल ठेवली होती, प्रत्येक वेल्डिंगचे फोटो, प्रत्येक नट-बोल्टची बिलं. मागचा गालिचा उचलून मधल्या उंचवट्यावर ठोकलेला चेसिस नंबर कागदाशी ताडून पाहिला. जुळला. विमा कंपनीलाही नक्कल असल्याचं लेखी कळवलंय आणि गाडीचं काही झालंच तर कंपनी किती रक्कम देईल, ते आधीच ठरवून घेतलंय.

पहिल्याच आठवड्यात डावा इंडिकेटर दिला की हेडलाइट मंद व्हायचा. पत्र्याच्या गाडीत दिव्याची परतीची वायर बॉडीला जोडली की भागतं. फायबरमधून वीज जात नाही, तेव्हा प्रत्येक दिव्याला थेट चेसिसपर्यंत स्वतंत्र अर्थिंग लागतं. ते एका ठिकाणी सैल होतं. सापडायला दोन रात्री गेल्या. इतकी मजा बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

आता आई. हो, उघडीच असते. कापडी हूड आहे, पण पावसात ते गळतं. खिडक्यांना वर-खाली होणाऱ्या काचा नाहीत, पडदे अडकवायचे. एअरबॅग नाही, तुझ्यापासून हे लपवत नाही. पण खांद्यावरून येणारे पट्टे बसवून घेतलेत, तेही फायबरला नाही तर खालच्या लोखंडाला. पुढे डिस्क ब्रेक आहेत. सगळ्यात आधी पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलल्या, कारण जुनी नळी चिरली की पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकतं. आणि हिचा मागचा अ‍ॅक्सल जुन्या पद्धतीचा आहे. वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय अचानक उचलला तर मागचं चाक आत दुमडू पाहतं. म्हणून वेग वळणाआधीच कमी करते. हे वाचून तुझी काळजी वाढेल की कमी होईल, देव जाणे.

नाकावर आधीच्या मालकाने पोर्शेचं चिन्ह लावलं होतं, ते मी काढून टाकलं. दोन भोकं राहिलीत, तुम्ही आलात की बुजवू. बाबा, तुमच्या गुडघ्यांचं मी आधीच बघून ठेवलंय. वाकून आत शिरायचं नाही. हूड खाली असताना आधी पाठमोरं होऊन सीटच्या कडेवर टेकायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा. उठताना मात्र माझा हात लागेल. आईने रुमाल आणावा, केसांसाठी. मागे सीट नावालाच आहे, तेव्हा आधी कोण बसणार ते तुम्ही दोघं ठरवा.

तुमची,
धाकटी