डबा मी कोणालाही दिलेला नाही

प्रिय बाळ्या,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तू म्हणालास, बाबा तो हत्यारांचा डबा कोणालातरी देऊन टाका, आता कुठे वेळ मिळणारे. मी बरं म्हणालो. चिमणी रडत होती, तू एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हाताने तिला थोपटत होतास, अशा वेळी काय बोलणार. पण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. वेळेचं नाही रे, वेळ नसतो हे कळतं मला. तू हल्ली बोलत नाहीस, त्याचं. चिमणीला किती दात आले, कितीला झोपली, सगळं सांगतोस, पण तुझं काय विचारलं की "मी ठीक" आणि फोन आईकडे. हे मी लिहिणार नव्हतो, आईने बजावलंय की परत लेक्चर देऊ नका, तर डब्याचंच लिहितो.

काल उघडला. दोन्ही पटाशांना गंज धरलाय पण वरवरचा आहे, निघेल. छोटा रंधा चांगला आहे. चमचे कोरायची तुझी ती वाकडी सुरी, तिला मी धार लावून ठेवली. आणि तळाशी ती होडी निघाली, चौथीतली, एका अंगाला जास्त तासलेली.

तुला आठवतं का माहीत नाही. त्या आठवड्यात तू धड जेवत नव्हतास. आईने विचारलं, आत्याने जवळ घेऊन विचारलं, मी तर ओरडलोच. मग एका संध्याकाळी काही सुचेना म्हणून मी तुला ती होडी घासायला बसवलं, आधी 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, मग 220, आणि 120 वर असताना मान वर न करता तू सगळं सांगितलंस, व्हॅनमधली मोठी मुलं काय करायची ते. मी नुसतं हं हं करत राहिलो. वर बघितलं असतं तर तू थांबला असतास. तुझं पहिल्यापासून असंच आहे, हातात काही असलं की तोंड उघडतं. बारावीच्या निकालाचं तसंच, आणि सूनबाईबद्दल पहिल्यांदा बोललास तेव्हाही खुर्चीचा पाय चिकटवत होतास, तो वाकडाच चिकटला, अजून तसाच आहे. म्हणून डबा देववत नाही मला.

तू झालास तेव्हा मीही माझं सामान माळ्यावर टाकलं होतं. म्हटलं वर्षभराचा प्रश्न आहे. सात वर्षं गेली. दिवसभर ऑफिसात काय केलं ते संध्याकाळी हातात धरून दाखवता येत नाही, आणि घरी येऊन मी उगाच चिडायचो, तुझ्यावर, आईवर. तेव्हा मला वाटायचं दमल्यामुळे होतंय. दमलेलो होतोच, पण सगळं त्यामुळे नव्हतं. तुझ्या रविवारच्या आवाजात मला तो माणूस ऐकू आला, आणि घाबरलो. बघ, परत तिथेच आलो.

तर कामाचं सांगतो. कपाट, टेबल असलं काही मनात आणूच नकोस. चमचा घे. ओल्या लाकडाचा चमचा नुसत्या सुरीने होतो, मशीन नको, ठोकाठोक नको, चिमणी शेजारच्या खोलीत झोपली असली तरी उठणार नाही. तासताना ढलप्या पडतात, बारीक धूळ उडत नाही, झाडून टाकल्या की झालं. घासायची वेळ येईल तेव्हा मास्क लाव आणि ती घरात नसताना किंवा बाहेर बसून घास, ती धूळ तिच्या छातीला बरी नाही. आणि वीस मिनिटांत ती उठली तर अर्धा चमचा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये टाकायचा, ओलावा टिकतो, तडकत नाही. उघडा ठेवलास तर टोकं आधी सुकतात आणि तिथूनच चीर जाते. पुढचे वीस मिनिट चार दिवसांनी मिळाले तरी चमचा थांबतो.

तिच्यासाठी काही करणार असलास तर साधारण 32 मिलिमीटर रुंद नळीतून जाईल एवढा बारीक तुकडा तिला द्यायचा नाही, तीन वर्षांची होईपर्यंत तरी नाहीच, घशात अडकतो. जुन्या फर्निचरची रंगवलेली फळी घेऊ नकोस, जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ती सगळं तोंडात घालते. सुरीला धार ठेव, बोथट सुरी जास्त जोर मागते आणि सटकते. काम झालं की कुलपात. रात्री डोळे मिटत असतील तर सुरी हातातच घेऊ नकोस, झोप.

झालं ना लेक्चर. सॉरी. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त येतं. एकही खिळा न मारता तू तिच्यासाठी जे स्टूल केलंस, त्याचे सांधे मी फोटो मोठा करून करून बघितलेत. मला तसे कधी जमले नाहीत, आणि हे मी तुला तोंडावर सांगितलं पण नाही. मोठ्या काकांना दाखवलं, बँकेतल्या मुलीला दाखवलं, तुला सोडून सगळ्यांना सांगितलं. ज्याला हे येतं त्याने देऊन टाका म्हणावं, हे ऐकवत नाही रे.

मी आग्रह करत नाही. थोडा करतोय. तुला खरंच नको असेल तर डबा इथे राहील, गंज लागू देणार नाही. पण सुरी आणि एक पटाशी मी पार्सल केलीये, नंबर आई मेसेज करेल. सूनबाईला सांग की कामं वाढवायला पाठवलं नाहीये, तिलाही हवं असेल तर तिने घ्यावी, तू चिमणीला बघ तेवढा वेळ.

आणि पुढच्या रविवारी कॉल लावशील तेव्हा फोन कशाला तरी टेकवून ठेव. तुझं तोंड दिसलं नाही तरी चालेल, हात दिसले तरी पुरे. मीही इथे तुझी ती होडी घेऊन बसतो, एक बाजू जास्त तासलेली आहे ती जमतेय का बघतो. बोललास तर बोल. नाही बोललास तरी फोन आईकडे देऊ नकोस.

बाबा

ता.क. जवसाचं तेल लावलंस तर ते पुसलेलं फडकं चुरगाळून कचऱ्यात टाकू नकोस, तेल सुकताना गरम होतं आणि फडकं आपोआप पेटू शकतं. बाहेर मोकळं पसरून पूर्ण कडक होऊ दे, मग टाक. विसरू नकोस.