पान ७ वर राशिभविष्य निघालं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

विमान चालवताना पायलट लोक मोबाईल पाहतात, त्यावरचा कालच्या अंकातला लेख वाचला, म्हणजे अर्धाच वाचला. खाली 'उर्वरित पान ७ वर' लिहिलं होतं अन् पान ७ वर राशिभविष्य निघालं आणि सिमेंटच्या पत्र्यांची जाहिरात. दोनदा उलटसुलट करून पाहिलं. आमच्या गावात पेपर येते दहा वाजता, तोही अर्धा, पैसे मात्र पूर्ण. असो. राहिलेलं मी शेजारच्या पोरीच्या फोनवर शोधून वाचून काढलं, त्यामुळं आता जरा जास्तच माहिती झाली, म्हणून हे पत्र.

लेखाच्या शेवटी तुमच्या लेखकानं लय गोड वाक्य टाकलं की आजकाल विमान आपोआप चालवणारा ऑटोपायलट असल्यामुळं प्रवाशांनी घाबरू नये. माझं डोकं तिथंच फिरलं, कारण असंच बोलणं मी मागच्या महिन्यात घरच्याच माणसाकडून ऐकलं. माझा भाचा पायलट आहे, कंपनीचं नाव सांगत नाही. त्यानं आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ टाकला, समोर धावपट्टी, विमान उतरून राहिलं, मागं गाणं. सगळ्यांनी टाळ्या, फुलं, नजर ना लागो. मी एकच विचारलं, बापू, फोन कोणाच्या हातात आहे? तर म्हणे मामाजी फोन स्टँडला लावलेला असते, हात लावावा लागत नाही, अन् तुम्हाला त्यातलं समजत नाही. दुसऱ्या दिवशी मी ग्रुपमधून बाहेर. ॲडमिन जावईबापू, आता जावयाला काय बोलता.

आता 'हात लावावा लागत नाही' याचं सांगतो. २०१४ सालीच इंग्लंडच्या हवाई दलाचं मोठं विमान काळ्या समुद्रावरून जाऊन राहिलं होतं, आत १९८ माणसं. कॅप्टननं स्वतःचा फोटोचा कॅमेरा सीटच्या बाजूला ठेवला होता, फक्त ठेवला होता हो. सीट पुढं सरकवली, कॅमेरा आर्मरेस्ट अन् कंट्रोलच्या दांड्यामध्ये अडकला, दांडा दाबल्या गेला अन् विमान २७ सेकंदात ४४०० फूट खाली. लोकं छताला जाऊन आपटले. मग स्टँड निसटून पायाशी पडला तर काय करशील बापू, याचं उत्तर अजून आलं नाही.

अन् ऑटोपायलटचं म्हणाल तर २००९ सालच्या अमेरिकेतल्या एका विमानात ऑटोपायलट नव्हता काय? होता, म्हणूनच दोघंही लॅपटॉप उघडून ड्युटीचं वेळापत्रक पाहत बसले. १४४ प्रवासी घेऊन, जिथं उतरायचं ते मिनियापोलिस शहर ओलांडून २४० किलोमीटर पुढं गेले. म्हणजे गोंदियाला उतरायचं अन् माणूस नागपूर सोडून पुलगावच्या आसपास जागा झाला. जमिनीवरचे कंट्रोलवाले तासभर रेडिओवर हाका मारून थकले, शेवटी आतल्या एअर होस्टेसनं फोन करून विचारलं की उतरायचं कधी, तेव्हा कुठं यांना समजलं. २०१० मध्ये सिंगापूरला तर विमान उतरताना कॅप्टनचा फोन वाजला, तो बंद करण्यात गुंतला अन् चाकंच काढायची राहिली. ५०० फुटांच्या आसपास लक्षात आलं, मग परत वर.

आपलंही आहे, तुम्ही छापलं नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून ब्रसेल्सला जाणारं विमान तुर्कस्तानावर ५००० फूट खाली आलं, कॅप्टन नियमात परवानगी असल्यानं झोपलेले अन् दुसऱ्या पायलटचं लक्ष टॅबमध्ये. टॅब कामाचाच होता म्हणे. कामाच्या टॅबचं हे, तर मग रीलचं काय?

मला समजत नाही म्हणता ना, तर ऐका. मी बावीस वर्षं काळीपिवळी चालवली, आमगाव-सालेकसा. २००७ साली, नऊच्या जीपमध्ये चौदा लोक, शर्टाच्या खिशात नवा नोकिया. बायकोचा फोन, येताना सांबार आणा. (पुण्यामुंबईकडल्यांनी कोथिंबीर वाचावं.) मी उचललाही नाही, फक्त कापायला खाली पाहिलं. वर पाहतो तर समोर तणसाची बंडी. कट मारला, जीप सरळ धानाच्या बांधीत, नुकतीच रोवणी झालेली, चिखल दारापर्यंत. एका म्हातारीचा हात मोडला. ती मला काही बोलली नाही, नुसती पिशवीतली अंडी चाचपत होती. तेव्हापासून फोन डिक्कीत. अन् जीपला ब्रेक तरी असते, रस्त्याच्या बाजूला बांधी तरी असते.

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाची शिकाऊ विमानं आमच्या वावरावरून इतकी वर्षं घिरट्या घालून राहिली. पोरं चांगली आहेत, रोवणीवाल्या बाया त्यांना हात करतात. त्यांच्या मास्तरांनी पहिल्या दिवशीच फोन जमा करून घ्यावा एवढंच म्हणतो. अमेरिकेत १९८१ पासून नियम आहे की १०,००० फुटांच्या खाली कॉकपिटात कामाशिवाय गप्पासुद्धा नाही, गाणं लावून व्हिडिओ तर दूरच.

भाच्याच्या आईला, म्हणजे आमच्या ताईला, हे पत्र दाखवू नका असं म्हणणार होतो, पण तिच्याकडंही तुमचाच पेपर येते. दिसू द्या.

अन् लेखाचा राहिलेला अर्धा भाग येत्या अंकात छापा. पान कोणतंही चालेल, पण त्यावर तो असला पाहिजे.

आपला,
एक जुना काळीपिवळीवाला
ता. आमगाव, जि. गोंदिया