खलाशाचे नाव आडनावाने शोधू नका

मा. संपादक,

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जहाजांवर गेलेला कोकणातला खलाशी परतला नाही, की घरात एवढेच सांगितले जाते: बोट बुडाली. कबर नाही, तारीखही नाही. पण त्या युद्धात समुद्रात मरण पावलेल्या सहा हजारांहून अधिक भारतीय नाविकांची नामावली आहे. एक प्रत मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये, दुसरी चितगावच्या युद्ध दफनभूमीत. युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर ही नावे फुकट शोधता येतात.

शोधणारे अडतात आडनावापाशी. मुकादम, पारकर, काझी घालून बहुधा काही हाती लागत नाही, कारण कितीतरी नोंदींत आडनावच नाही. म्हणून आडनावाच्या रकान्यात खलाशाचे स्वतःचे नाव घाला, पहिल्या नावाचा रकाना रिकामा ठेवा, ‘मर्चंट नेव्ही’ (व्यापारी जहाजे) निवडा. इब्राहिम ‘आय’ने आणि ‘ई’ने, हुसेन ‘यू’ने आणि दोन ‘ओ’ंनी, सगळे करून पाहा. स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या कानावर होते. एकाच नावाचे दहा निघाले, तर वडिलांचे नाव, हुद्दा (सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या, फायरमन म्हणजे बॉयलरची भट्टी पेटती ठेवणारा, भंडारी म्हणजे स्वयंपाकी) आणि बोट यांवरून निवड करावी लागते.

बोटीचे नाव ठाऊक असेल तर अर्धे काम झाले. बोटीपुढे कंसात येते ते मात्र नोंदणीचे बंदर. ‘सिटी ऑफ बनारस’पुढे ग्लासगो दिसले, तरी ती १७ सप्टेंबर १९४० रोजी अटलांटिकमध्ये बुडाली. मुंबईहून निघालेल्या आणि २३ नोव्हेंबर १९४२ रोजी जपानी पाणबुडीने बुडवलेल्या ‘तिलावा’वर २८० जण मरण पावले. त्यांतले प्रवासी या नामावलीत शोधू नयेत, ती नाविकांचीच आहे.

व्यापारी जहाजावरच्या खलाशाला आणखी एक अट आहे: मृत्यू युद्धामुळेच झालेला हवा. बोटीवर तापाने गेला तर नाव नाही. नौसैनिकाला ही अट नाही. भेदभाव खरा, पण नियम असा आहे.

नाव सुटले असेल तर कमिशन पुरावा तपासून दखल घेते. सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदींच्या पुस्तिकेची, आशा धरू नका, ती खलाशाबरोबर बोटीवरच असे. घरी मिळाले तर कंपनीचे पत्र किंवा भरपाईचा कागद मिळेल. त्यावरची तारीख पत्राची की मृत्यूची, हे आधी पाहून घ्या. बातमी घरी पोचायला महिने लागत.

एक वाचक, रत्नागिरी