डब्यावर लिहिलंय ‘१ नग’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कन्सोल गेमचा, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावरच्या गेमचा, सीलबंद डबा उलटा केला की मागे आयातदाराचा पांढरा स्टिकर दिसतो. त्यावर त्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसहित किंमत वगैरे असतं आणि ‘नेट क्वांटिटी : १ एन’. एन म्हणजे नंबर, आपल्या भाषेत नग. आतल्या मालाच्या मापाबद्दल वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापांच्या, नियमांना एवढं पुरतं. बिस्किटाच्या पुड्यावर ग्रॅम आणि तेलाच्या पिशवीवर मिलिलिटर छापावे लागतात. ४,९९९ रुपयांच्या गेमच्या डब्यात मात्र पूर्ण गेम आहे, अर्धा आहे की नुसती किल्ली, हे सांगायची सक्ती कुणावरच नाही. त्यामुळे कधी कधी आतला ऐवज खरोखरच ‘नग’ निघतो.

पीएस फाइव्हच्या, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन फाइव्ह या कन्सोलच्या, डिस्कमध्ये १०० जीबीपर्यंत माल मावतो. (दुकानात अजून सगळे ‘सीडी’च म्हणतात, त्याबद्दल तक्रार नाही.) २०२२ साली आलेल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर टू’च्या डिस्कवर जेमतेम ७० एमबी होते. एवढी तर व्हॉट्सॲपवर आलेली बारशाची व्हिडिओ क्लिप असते. बाकीचा सगळा गेम इंटरनेटवरून उतरवायचा. तो मुख्यतः ऑनलाइन खेळला जातो, म्हणून एक वेळ सोडून देऊ. पण मे २०२५ मधला ‘डूम : द डार्क एजेस’ निव्वळ एकट्याने खेळायचा गेम आहे आणि त्याच्याही डिस्कवर सुमारे ८५ एमबीच होते. अशा डिस्कला गेम म्हणणं म्हणजे घराची चावी हातात देऊन घर दिलं म्हणण्यासारखं आहे. उद्या कुलूपच बदललं तर चावी कानात घालायला उपयोगी.

प्रकाशक असं का करतात? डिस्क छापायला कारखान्यात पाठवायची ती बाजारात येण्याच्या काही आठवडे आधी, आणि त्या दिवशीही गेममधल्या चुका काढणं चालूच असतं. पूर्वी तारखेआधी काम पुरं करावंच लागायचं. आता डिस्कवर थोडंसं काहीतरी टाकायचं आणि उरलेलं ‘डे-वन पॅच’, म्हणजे पहिल्याच दिवशीची दुरुस्ती, म्हणून नेटवरून ढकलायचं, ही सोय झाली. शिवाय जास्त थरांची डिस्क महाग पडते आणि दुसरी डिस्क घातली तर आणखी खर्च. निन्टेन्डो कंपनीच्या कन्सोलमध्ये डिस्कऐवजी कार्ड लागतं, त्याचं गणित तर याहून महाग. म्हणून ५ जून २०२५ ला आलेल्या त्यांच्या स्विच टू या कन्सोलसोबत ‘गेम-की कार्ड’ नावाचा प्रकार निघाला. कार्डात गेम नाही, फक्त परवानगी. पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट हवं आणि पुढे खेळताना कार्ड खोचलेलं हवं. ही पद्धत मला आवडत नाही, पण एक गोष्ट मान्य करावी लागेल : डब्याच्या पुढच्याच बाजूला खाली किल्लीचं चित्र आणि किती जागा लागेल ते छापलेलं असतं. निन्टेन्डो आपल्याकडे अधिकृतपणे माल विकत नाही, जे येतं ते बाहेरून येतं. तरी त्यांच्या डब्यावरून जेवढं कळतं तेवढं इथे रीतसर विकल्या जाणाऱ्या डब्यांवरून कळत नाही.

‘आता घरोघरी वायफाय आहे, मग अडचण काय?’ असं विचारलं जातं. हिशेब मांडून पाहू. १५० जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर, तोही अखंड पूर्ण वेग मिळाला तर, ३ तास २० मिनिटांत उतरतो. ४० एमबीपीएसवर ८ तास २० मिनिटं. चाळीत किंवा एसआरएच्या इमारतीत जिथे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरच घर चालतं, तिथे रोज २ जीबीच्या पॅकवर १०० जीबीला ५० दिवस लागतील. आणि हे एकदाच करून भागत नाही. सुरुवातीच्या पीएस फाइव्हमध्ये ८२५ जीबीची साठवण आहे, त्यातली वापरायला मिळते ६६७ जीबी. पाच-सहा मोठे गेम झाले की जुना काढल्याशिवाय नवा बसत नाही. डिस्कवर गेम पूर्ण असेल तर पुन्हा डिस्क घालून कॉपी करता येतो, नसेल तर पुन्हा पहिल्यापासून डाऊनलोड. यावर एक उपाय बऱ्याच जणांना माहीत नसतो : पीएस फाइव्हचा गेम काढून न टाकता यूएसबी हार्ड डिस्कवर हलवून ठेवायचा. तिथून तो खेळता येत नाही, पण परत आत आणायला डाऊनलोड लागत नाही. पीएस फोरचे गेम मात्र यूएसबीवरून थेट चालतात.

आता जुन्या मालाबद्दल, कारण मुंबईत या छंदाचा खरा आधार तोच आहे. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कागदोपत्रीच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, गेम घ्यायचा, संपवायचा, परत द्यायचा आणि फरक भरून दुसरा उचलायचा, ही रीत मुरलेली आहे. फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं जशी हातोहात फिरतात, तसंच हे. पाच हजारांचा गेम विद्यार्थ्याला परवडतो तो या एक्स्चेंजमुळे. ही साखळी डिस्कवर टिकून आहे. कन्सोलच्या ऑनलाइन स्टोअरवरून डिजिटल घेतलेला गेम दुसऱ्याला विकता येत नाही, अकाउंटला चिकटतो तो चिकटतोच.

जुनी डिस्क घेताना ती उजेडात तिरकी धरून खालची बाजू बघा. ब्लू-रे डिस्कमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो, डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटर आत असतो. वरचं कडक आवरण बारीक ओरखडे सहज सोसतं, पण नख अडकेल इतकी खोल रेघ असेल तर ती डिस्क घेऊ नका. डीव्हीडीसारखं मशीनवर घासून ती सुधारत नाही, उलट आवरणच जातं. मधून बाहेर जाणाऱ्या रेघेपेक्षा गोल फिरणारी रेघ वाईट, कारण ती एकाच मार्गावरचा सलग तुकडा खाते. मधल्या भोकाभोवती केसासारखी चीर दिसली तर स्वस्तातही नको, ती वाढत जाते. पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या डिस्कवर पांढुरके ठिपके येतात. ते मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावेत, गोल गोल नव्हे. डबा बाहेरच्या देशातला असेल तर आणखी एक मेख असते. गेम चालेल, पण भारतीय अकाउंटवरून घेतलेलं डीएलसी (गेमला जोडायचा जादा भाग) अमेरिकी डिस्कला बहुधा लागू होणार नाही. डब्यातल्या कुपनचा कोडही एकदाच चालतो, तेव्हा ‘बोनससकट’ म्हणून जुन्या डब्याचे जास्त पैसे देऊ नका.

डिस्कवर गेम खरंच आहे का, हेही घरी तपासता येतं. आधी तो गेम कन्सोलमध्ये असेल तर पूर्ण काढून टाका, नाहीतर चाचणीला अर्थ नाही. मग सेटिंग्जमध्ये नेटवर्क, त्यात पुन्हा सेटिंग्ज, आणि तिथे ‘कनेक्ट टू द इंटरनेट’ बंद. सरळ राउटर बंद केलात तरी तेच. डिस्क घाला, कॉपी होऊ द्या, गेम सुरू करा. मुख्य मेनू पार करून पहिला टप्पा खेळता आला तर माल बऱ्यापैकी आत आहे. ‘अपडेट डाऊनलोड करा’ म्हणून अडला तर काय समजायचं ते समजा. काही गेम पहिल्या टप्प्यापुरते चालतात आणि पुढे अडतात, म्हणून तासभर तरी खेळून पाहावं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज कन्सोलवाल्यांची तऱ्हा वेगळी, तिथे नवं यंत्र पहिल्यांदा चालू करतानाच इंटरनेट लागतं. पीएस फाइव्ह स्लिमचा सुटा डिस्क ड्राइव्ह बसवतानाही एकदा नेटवरून त्याची यंत्राशी जोडणी करावी लागते. सुट्या भागाला कंपनीच्या सर्व्हरची परवानगी कशाला, हे मला आजवर पटलेलं नाही.

डिस्क महाग वाटते म्हणून जो दुसरा रस्ता धरला जातो तो याहून धोक्याचा आहे. ‘प्रायमरी’ आणि ‘सेकंडरी’ अकाउंट अशा नावाने नवे गेम निम्म्याहून कमी भावात विकले जातात. विक्रेत्याच्या अकाउंटवर घेतलेला एकच गेम तो अनेकांना देतो. प्रायमरीवाला आपल्या आयडीवरून, नेट नसतानाही खेळतो. सेकंडरीवाल्याला विक्रेत्याच्याच आयडीने नेटवर राहून खेळावं लागतं. दोघांच्याही हाती काही उरत नाही. अकाउंटच्या मालकाला सहा महिन्यांतून एकदा सगळी यंत्रं एका झटक्यात ‘डिॲक्टिव्हेट’ करता येतात. त्याने ते केलं की तुमच्या गेमवर कुलपाचं चिन्ह येतं आणि व्हॉट्सॲपवरचा तो नंबर बंद लागतो. कंपनीच्या अटींतच हे बसत नसल्याने तक्रारही करता येत नाही.

पण प्रकाशकांना नावं ठेवायचं खरं कारण पुढे आहे. ‘द क्रू’ हा युबिसॉफ्ट या प्रकाशकाचा मोटारींचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. त्यातला बराचसा भाग एकट्याने खेळता येण्यासारखा होता, तरी तो सतत सर्व्हरला बांधलेला. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाला आणि डिस्क घेतलेल्यांच्या हातात गोल आरसा उरला. त्यातूनच रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली आणि युरोपातल्या त्यांच्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत १० लाखांवर सह्या झाल्या. मागणी साधी आहे : सर्व्हर कायम चालू ठेवा असं कुणी म्हणत नाही, पण बंद करताना गेम चालू शकेल अशा स्थितीत सोडा. ते अशक्य नाही, हे युबिसॉफ्टनेच पुढे दाखवलं. गदारोळ झाल्यावर ‘द क्रू टू’ला ऑफलाइन खेळायची सोय मिळाली. मग पहिल्याच वेळी काय बिघडलं होतं?

सगळेच एका माळेचे मणी नाहीत. लॅरियन या कंपनीने आपला ‘बाल्डर्स गेट थ्री’ हा गेम पीएस फाइव्हवर दोन डिस्कमध्ये दिला. सीडी प्रोजेक्ट या कंपनीने आपला ‘सायबरपंक २०७७’ स्विच टूसाठी ६४ जीबीच्या कार्डावर पूर्ण बसवला. हीच ती कंपनी, जिचा हाच गेम डिसेंबर २०२० मध्ये इतका मोडका होता की सोनीने आठवडाभरात तो आपल्या स्टोअरवरून उतरवला. मनात आणलं तर शिकता येतं. सोनीबद्दलही तेच. ‘कॉन्कॉर्ड’ हा त्यांचा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला, पण लोकांचे पैसे परत केले. गेम पडला, व्यवहार सरळ राहिला. त्याआधी २०२१ मध्ये पीएस थ्री आणि व्हिटा या जुन्या यंत्रांचं स्टोअर बंद करायचं त्यांनी जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर महिन्याच्या आत मागे घेतलं. म्हणजे ओरड केली तर ऐकू जातं.

डिजिटल घ्यायचंच नाही असं माझं म्हणणं नाही. सेलमध्ये पाच-सातशे रुपयांना मिळणारा छोटा गेम खुशाल स्टोअरवरून घ्या, फक्त ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ ही सेटिंग आपल्या यंत्रावर चालू आहे ना ते बघा. नाहीतर नेट गेल्यावर विकत घेतलेला गेमही उघडत नाही. पूर्ण किमतीचा, एकट्याने खेळायचा गेम मात्र डिस्कवर, आणि तोही आल्याबरोबर नाही. महिनाभर थांबलं की डिस्कवर काय आहे ते कुणीतरी तपासून सांगितलेलं असतं आणि जुना माल लॅमिंग्टन रोडला पोचलेला असतो.

आपल्याकडे कायद्याची चौकट आहे. ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम डिजिटल वस्तूंनाही लागू होतात. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असं त्यात स्पष्ट आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तक्रार करताना बिल, डब्याच्या चारही बाजूंचे फोटो आणि इंटरनेट बंद ठेवून काढलेला अडल्या पडद्याचा फोटो जोडा. ‘गेम चालत नाही’ एवढंच लिहिलं तर उत्तर येईल, ‘कन्सोल अपडेट करा’. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून स्टोअरला स्पष्ट सांगावं लागतं की तुम्ही वस्तू नव्हे, परवाना घेत आहात. आपल्या स्टोअरमध्ये अजून ‘खरेदी करा’ असंच बटण आहे.

वैधमापन खात्याकडे आणि ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडे मागणी एवढीच, की त्या पांढऱ्या स्टिकरवर ‘१ एन’च्या खाली तीन गोष्टी मराठी-हिंदी-इंग्रजीत छापायला लावाव्यात : डिस्कवर किती जीबी आहे, नेटवरून आणखी किती उतरवावं लागेल, आणि सर्व्हर निदान कोणत्या तारखेपर्यंत चालू राहील. औषधाच्या पट्टीवर मुदतीची तारीख बोटाएवढ्या जागेत बसते, इथे तर हाताच्या पंजाएवढा डबा आहे.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई