औषध मारण्याआधी भिंग घे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल तू पाठवलेला तळ्याचा फोटो पाहिला. ‘जलपर्णी माजलीय, तणनाशक मारू का?’ म्हणतोस. जरा दम धर, ती जलपर्णी नाही. जलपर्णीचा देठ फुगीर असतो, फुलं जांभळट. तुझ्याकडची पानं जोडीजोडीने दुमडून दाटीवाटीने उभी आहेत. मला तरी हा साल्व्हिनिया वाटतो. तरंगणारं नेचंच ते, त्याला फूल येतच नाही. पण फोटोवर जाऊ नकोस. एक पान भिंगाखाली धर. वरच्या लवेत एकेका दांडीवर चार केस दिसतील. त्यांची टोकं पुन्हा एकत्र जुळून इवलासा पिंजरा झाला असेल, तर तो त्रासदायक गट. टोकं सुटी असतील तर त्याचा जरा सौम्य भाऊबंद. पानावर पाण्याचा थेंब सोडून बघ, मोत्यासारखा घरंगळून जाईल. औषधाचा थेंबही तसाच जातो, म्हणून स्टिकरशिवाय (औषध पानाला चिकटवणाऱ्या द्रव्याशिवाय) फवारणी म्हणजे पैसे पाण्यात. खाली लोंबतात त्या तपकिरी मुळ्या नव्हेत बरं का, ते तिसरं पान आहे.

नावासाठी एवढा घोळ का, म्हणशील. अरे, याच नेच्याला लोक कित्येक वर्षं भलत्याच जातीचं समजत होते. तण खाऊन आटोक्यात आणतील म्हणून त्या जातीवरचे किडे आणून सोडले, ते काही कामाला आले नाहीत. 1972 साली ही वेगळी जात असल्याचं नोंदलं गेलं, पुढे तिचं माहेर आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं. तिथला जेमतेम दोन मिलिमीटरचा सोंड्या भुंगा 1980 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मून्डारा तलावात सोडला आणि पुढच्याच वर्षी तलाव मोकळा झाला! भुंगे कोंब खातात, त्यांच्या अळ्या खोड पोखरतात. मात्र असला किडा आपल्या मनाने आणून सोडायचा नसतो, ते सरकारी परवानगीचं काम.

आता माझा गाढवपणा ऐक. मी दोन दिवस कंबरभर पाण्यात उभं राहून सगळं उपसलं आणि ढीग काठावरच ठेवला. पहिल्या पावसात तो घसरून परत तळ्यात. शिवाय तीच जाळी न धुता शेजारच्या तळ्यात टाकली, तिथेही रोप पोहोचलं. याला बी लागतच नाही, कोंब असलेला तुकडा पुरतो. उबदार, खतावलेल्या पाण्यात तर काही दिवसांत दुप्पट होतं.

तू असं कर. रिकाम्या बाटल्या दोरीला ओवून तरंगता बांध कर आणि वारा ज्या कोपऱ्यात तण ढकलतो, तिथेच ते अडव. तिथून काढ, लांब उंचावर पसर, पार करकरीत वाळू दे. नंतर दर आठवड्याला काठच्या गवतात हात घालून तपास. तिथे लपलेली चपटी, नखाएवढी पानं म्हणजे त्याचं बाळरूप; दुमडलेली पानं गर्दी झाल्यावरची. खताचं पाणी तळ्यात उतरत असेल तर ते आधी वळव.

फवारायचंच ठरलं, तर पाण्यात वापरायला मान्यता असलेलंच औषध घे आणि एकेक पट्टा करून मार. सगळं एकदम मेलं की कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात.

भिंगातून काय दिसलं ते लगेच कळव. तोवर तुझ्या तळ्यात वापरलेली जाळी दुसरीकडे कुठेही बुडवू नकोस.

तुझाच,
जुना मित्र